पिशवीची सूज आणि चिकटलेला स्टार्टर



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी ३५ हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर हळूच म्हणाल्या, "पिशवी काढायचीय. अंगावरून पांढरं जातंय. डॉक्टर म्हणाले, आज सूज आहे, उद्या कॅन्सर होईल." ताईंचं वय ३४. सोनोग्राफी झाली होती, पण पिशवीच्या तोंडाची तपासणी कुणीच केली नव्हती. आम्ही म्हटलं, कर्ज देऊ, पण आधी सरकारी दवाखान्यात ती तपासणी करून या.

सूज आणि कॅन्सर यांचं नातं आहे, हे खोटं नाही. ते कसं आहे, ते बघू.

पायात काटा रुतला की जागा लाल होते, सुजते. शरीराचे राखणदार तिथं धावतात, पेशींना निरोप जातो की वाढा, जखम भरा. हा निरोप पुढे पोचवणारी प्रथिनं असतात, त्यांना किनेज म्हणतात. किनेज दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा बारीक कण चिकटवतं आणि ते प्रथिन बहुतेक वेळा चालू होतं. (खताच्या गोणीवर वाचतो तोच फॉस्फेट!) काम झालं की दुसरी प्रथिनं तो कण काढून घेतात. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टरच म्हणा ना. टाकी भरली की मोटर बंद.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण काहींच्यात तो ठाण मांडतो. त्याची दोन प्रथिनं पेशींचे ब्रेक निकामी करतात. वर्षानुवर्षं धुमसणारी सूज किनेजचे स्टार्टर चालूच ठेवते. टाकी भरून वाहतेय, मोटर मात्र थांबत नाही. मग मरायला हव्या त्या बिघडलेल्या पेशीही वाढत राहतात.

पण याला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. आज सूज, उद्या कॅन्सर, असं होत नाही. हळदीचं दूध जरूर प्या, फक्त त्यानं हा स्टार्टर सुटेल असं धरून बसू नका. किनेज अडवणारी औषधं निघाली आहेत, ती काही कॅन्सर झाल्यावर देतात.

आपल्याला मधली वर्षं हाताशी आहेत. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये छापून आला. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे होते. दुसरी साधी तपासणी म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. बिघडलेली जागा पांढरी दिसते. पाच-दहा मिनिटांचं काम. पाळी गेल्यावर परत लाल गेलं, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर मात्र तारखेची वाट बघू नका, लगेच जा.

ताईंना जंतुसंसर्ग निघाला. त्यांना आणि नवऱ्याला गोळ्या दिल्या. पिशवी जागेवर आहे.

नंतर आम्ही गटात यादी केली. तिशीच्या पुढच्या १३ जणी, त्यातल्या ९ जणींनी ही तपासणी कधीच केलेली नाही. त्या ९ जणींत आम्ही दोघी सहयोगिनीही आहोत. येत्या मंगळवारी सगळ्या मिळून जाणार आहोत.