जुनी पिकअप रस्ता का सोडते? स्टेअरिंगचा दोष शोधण्याची रीत

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीहून गाठी भरायच्या, खोपोलीवरून बोरघाट चढून लोणावळ्यात यायचे आणि पुढे कामशेत, वडगाव, तळेगावच्या दुकानदारांना माल पोहोचवायचा. हे काम आम्ही वर्षानुवर्षे जुन्या पिकअपवरच करीत आलो. मावळातल्या बहुतेक लहान व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची हीच स्थिती आहे. नवी गाडी परवडत नाही आणि जुनीवाचून भागत नाही.

अशा गाडीला एक आजार हमखास जडतो. स्टेअरिंग सरळ धरले तरी गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकते आणि ड्रायव्हरला सारखे हात हलवून तिला लाइनीत आणावे लागते. गावातल्या रस्त्यावर हे खपून जाते. पण पावसात, भरल्या गाडीने घाट उतरताना शेजारून ट्रक जात असेल, तर हातभर सरकणेही जिवावर बेतू शकते.

आमच्या गाडीला हा त्रास सुरू झाला तेव्हा एका मिस्त्रीने स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. मोकळेपणा कमी झाल्यासारखा वाटला, पण गाडी आणखी बिघडली. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होईना. खरा दोष टाय रॉडच्या झिजलेल्या सांध्यात होता. पैसे दोनदा गेले आणि मधल्या काळात ड्रायव्हर धोका पत्करून फिरत राहिला. म्हणून आमचे सांगणे असे की, तपासणी जमिनीपासून सुरू करून वर जावे. बॉक्सला सर्वांत शेवटी हात लावावा.

आधी लक्षण नीट ओळखावे. गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल तर टायर, ब्रेकचे चिकटणे किंवा अलाइनमेंट पाहावी. ठरावीक वेगावर स्टेअरिंग थरथरत असेल तर चाकाचा बॅलन्स पाहावा. दोन्ही बाजूंना भटकत असेल तर पुढील क्रम धरावा.

पहिले टायर. हवा थंड टायरमध्ये, कंपनीने सांगितलेल्या मापाने भरावी. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन टायर कधीही लावू नये. टायर आतून किंवा बाहेरून एकाच कडेला झिजला असेल, तर वरच्या सांध्यांत किंवा अलाइनमेंटमध्ये दोष आहे असे समजावे.

दुसरे वजन. जड गाठी फाळक्याकडे ठेवल्या की मागचा भाग बसतो, पुढची चाके हलकी होतात आणि रस्त्यावरची पकड जाते. जड माल केबिनला लागून भरावा.

याच्या उलट दोषही आपल्याकडे पुष्कळ आढळतो. जास्त माल बसावा म्हणून मागे एक जादा पाटा घालतात. मग रिकामी गाडी मागून उचललेली राहते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून चाक सरळ राहू पाहते. पिकअपच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. दोन अ‍ॅक्सलमधले अंतर पावणेतीन मीटर असेल आणि मागचा भाग पाच सेंटीमीटर उचलला गेला, तर हा कल सुमारे एका अंशाने कमी होतो. एवढ्यानेही गाडी भटकू लागते.

तिसरे सांधे. गाडी सपाट जागी, चाकांवरच उभी असावी. हँडब्रेक ओढून चाकांना उटी लावावी. घाटात किंवा उतारावर हे काम करू नये. एकाने केबिनमध्ये बसून स्टेअरिंग थोडे थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने खालून पाहावे. ड्रॉप आर्मपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा भाग उशिरा हलतो, तिथे झीज आहे. या तपासणीला पैसा लागत नाही.

चौथे चाक. पुढचे चाक जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळा द्यावा. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. खडखडले तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग ढिले आहे. तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे.

पाचवे पाटे. यू-बोल्ट ढिले, शॅकलचे बुश झिजलेले किंवा सेंटर बोल्ट तुटलेला असेल, तर अख्खा अ‍ॅक्सल जागा सोडतो. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर फीतीने मोजावे, ते सारखे असले पाहिजे. मागचा अ‍ॅक्सल सरकला तरी गाडी भटकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

यानंतरच बॉक्सकडे वळावे. तो चासिसला घट्ट बसला आहे का, तिथे तडा गेला आहे का, हे आधी पाहावे. स्क्रू आवळायचाच असेल तर चाके सरळ ठेवून, कंपनीच्या पुस्तकातील रीतीने आणि जाणत्या मिस्त्रीकडूनच आवळून घ्यावा. अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे उसवलेल्या कापडावर केलेली इस्त्री होय.

आपल्या भागातला पाऊस मोठा. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातल्या रस्त्यांवर चिखलपाणी सांध्यांत शिरते आणि ग्रीस धुऊन जाते. म्हणून ज्या सांध्यांना ग्रीसची निपल आहे त्यांना पावसाळ्यात अधिक वेळा ग्रीस द्यावे आणि फाटलेली रबरी टोपी लगेच बदलावी.

एक गोष्ट शेवटी सांगतो. ड्रायव्हर म्हणाला, ‘शेठ, गाडी हातात राहत नाही,’ तर त्याला कामचुकार समजू नये. आम्ही ती चूक काही दिवस केली. गाठी उद्याही पोहोचवता येतात. ज्या गाडीचा सांधा डुलतो ती त्या दिवशी घाटात पाठवू नये.