साखर आपोआप उतरली? आधी मूत्रपिंड तपासा

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर चिखले लागते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच पट्ट्यातले हे गाव. अशा गावात मधुमेह निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘डॉक्टर, आता चिकू बंद का?’ मग पथ्य, गोळ्या, काही वर्षांनी इन्सुलिन. आणि कधीतरी एखाद्याची साखर आपोआप उतरायला लागते. ३० युनिट लागायचे तिथे २० पुरतात, मग १२. घरचे खूश होतात, ‘बाबांची शुगर कंट्रोलमध्ये आली.’

वजन घटवले असेल, खाणे-चालणे सुधारले असेल, तर आनंद रास्त आहे. पण असे काहीच न करता जुन्या मधुमेहीची साखर उतरत असेल, तर पहिली शंका मूत्रपिंडाची घ्यावी.

इन्सुलिन हे एक छोटे प्रथिन. स्वादुपिंडातून निघाले की ते आधी यकृतात जाते आणि साधारण निम्मे तिथेच मोडीत निघते. उरलेल्याचा मोठा वाटा मूत्रपिंडे मोडतात. सुईने घेतलेले इन्सुलिन मात्र यकृताचा हा पहिला टप्पा टाळून थेट रक्तात मिसळते, म्हणून त्याच्या बाबतीत मूत्रपिंडांवरचा भार आणखी मोठा. ती थकली की टोचलेले इन्सुलिन रक्तात रेंगाळते. त्यात रुग्णाची भूक मंदावलेली असते आणि उपाशीपोटी मूत्रपिंडे स्वतः जी थोडी साखर तयार करतात, तीही घटते. मग पहाटे दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांचा मधुमेह असा ‘सौम्य’ होताना दिसतो, हे अमेरिकी डॉक्टरांनी १९५१ मध्येच नोंदवले होते.

हे एकट्या इन्सुलिनचे नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले लघवीवाटे जाते ते दीड-दोन लिटर. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने निरोगी गाळणीतून सहसा निसटत नाहीत. लहान प्रथिने मात्र गाळली जातात. पुढच्या सूक्ष्म नलिकांतल्या पेशी ती आत ओढून घेतात, तोडतात आणि त्यांतली अमिनो आम्ले शरीराला परत देतात. वाडीतल्या टाकीत पाणी चढते ते पंप जास्त चालला म्हणून किंवा बाहेर जाणारा पाइप तुंबला म्हणून. रक्तातल्या प्रथिनाच्या आकड्याचेही तसेच.

लेप्टिन घ्या. चरबीच्या पेशी ते बनवतात आणि ते मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवते. मूत्रपिंडे निकामी होत गेली की चरबी न वाढताही लेप्टिन वाढते. या रुग्णांची अन्नावरची वासना उडते, त्यामागच्या संशयितांत तेही आहे. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे पाहायला सी-पेप्टाइड मोजतात. तेही मूत्रपिंडांतूनच निकाली निघते, म्हणून अशा रुग्णात तो आकडा फसवा चढा दिसू शकतो.

हीच गोष्ट एका तपासणीत उपयोगी पडते. नेहमीच्या तपासणीतले क्रिएटिनिन स्नायूंतून येते. स्नायू कमी असतील तर मूत्रपिंडे मंदावलेली असूनही ते ‘नॉर्मल’ दिसू शकते. आपल्याकडे हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवतो, आतला ऐवज वेगळा: चरबी जास्त तर स्नायू कमी. म्हणून किडकिडीत किंवा वयस्क माणसात शंका असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन सी हे प्रथिन मोजायला सांगतात. ते जवळपास सगळ्या पेशी बऱ्यापैकी स्थिर गतीने बनवतात, त्यामुळे स्नायूंवर फारसे अवलंबून नसते; ते चढले तर शंका तुंबलेल्या पाइपची, म्हणजे मूत्रपिंडांची.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवरही, म्हणजे एचबीएवनसीवर, अशा वेळी डोळे झाकून विसंबू नये. मूत्रपिंडाच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा आहे त्याहून कमी येऊ शकतो.

मधुमेहींनी वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यातच: क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) आणि लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला किंवा प्रमाण ३० च्या वर टिकले, तर मूत्रपिंडाचा आजार धरून चालावे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ग्लिबेनक्लामाइडसारखी साखरेची जुनी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवावी. मूत्रपिंडे मंदावली की तिचा असरही लांबतो. आणि इन्सुलिन कारणाशिवाय कमी लागू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.