घरात ससा आलाय? मग आधी वाळकं गवत बघा!

भगिनींनो, मुलांनी हट्ट धरला आणि घरात पांढराशुभ्र ससा आला, की पहिल्या दिवशी सारं घर त्याच्यापुढे गाजरं घेऊन बसतं. कुणी बिस्किट देतं, कुणी पोळीचा तुकडा. नेमका इथंच घोटाळा होतो. गाजर हा सशाचा खाऊ आहे. त्याचं जेवण म्हणजे गवत!

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. चरबट गवत चावूनच ते झिजतात. त्याचं पोटही गवतातल्या धाग्यांमुळेच चालतं. तेव्हा वाळकं गवत दिवसरात्र त्याच्यापुढे हवं. जोडीला रोज मूठभर ताजा पाला धुऊन, निथळून द्या : कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, पुदिना, हरळी. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, मोठ्याला बेतानंच. गाजर, सफरचंद आठवड्यातून एकदोनदा, बोटाच्या पेराएवढं. पोळी, भात, बिस्किट, चिवडा, कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट मात्र मुळीच नको. पाणी रोज ताजं ठेवा.

तुम्ही म्हणाल, गवताला काय तोटा? भाजे, मळवली, कार्ल्याकडे तर पावसाळ्यात डोंगर हिरवेगार! पण आपल्या मावळचा पाऊस म्हणजे चार महिने ओल. ओलं गवत ढिगात ठेवलं की तापतं, त्याला बुरशी धरते आणि असं गवत सशाच्या पोटाला बाधतं. म्हणून पाऊस सरल्यावर कापून वाळवलेलं गवत घेऊन माळ्यावर कोरडं ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्याची चिंता नको. कुबट वास आला तर ते गवत फेकून द्या. भाताचा पेंढा अंथरायला छान, पण त्यानं पोषण होत नाही.

पिंजरा जमिनीपासून उंच आणि ऐसपैस असावा. नुसत्या जाळीवर बसून पायांना जखमा होतात, म्हणून फळी किंवा पेंढा घाला आणि ओला झालेला पेंढा रोज बदला. दिवसातून काही तास त्याला घरात मोकळं सोडा, पण विजेच्या वायरी आधी उचला, नाहीतर कुरतडल्याच म्हणून समजा! थंडी त्याला सोसते, उन्हाळा नाही. पारा तिशीपार गेला की सावली, वारा आणि ओल्या फडक्याचा गारवा द्या. अंघोळ मात्र घालू नका.

कान धरून उचलू नका, मुलांनाही तसं बजावून ठेवा. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. धडपडून त्यानं जोरात लाथा झाडल्या तर त्याचाच कणा मोडू शकतो. स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसला तर किळस करू नका, त्याच्या पचनाची ती रीतच आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ससा दुखणं लपवतो. अर्धा दिवस त्यानं खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर "उद्या बघू" म्हणू नका. एका रात्रीतही तो हातचा जातो. सशावर उपचार करणारा जनावरांचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, मग त्यासाठी मळवलीहून लोकलनं पुण्याला जावं लागलं तरी चालेल. घरातली माणसांची औषधं देऊ नका. काही साधी प्रतिजैविकंसुद्धा सशाच्या जिवावर बेततात.

जोडी घेणार असाल तर नर-मादी डॉक्टरकडून ओळखून घ्या. मादी महिन्याभरात विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. मग ती कुणाकुणाला वाटणार?

आणखी एक. लोहगड-विसापूरच्या उतारावर गवतात एकटं पिल्लू दिसलं, तर मुलांना ते घरी आणू देऊ नका. तो रानससा, पाळीव सशाची जातच वेगळी. त्याचं पिल्लू अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतं. आई त्याला गवतात लपवून जाते आणि दूध पाजायला परत येते. ते पोरकं नसतं! शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याला पकडणं वा पाळणं हा गुन्हा आहे.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. आज हट्ट करणारी चौथीतली पोर तोवर कॉलेजात जाईल, आणि गवत घालायचं काम कुणाकडे येईल, हे तुम्हाला सांगायला नकोच! म्हणून ससा आणायच्या आधी घरातल्या सगळ्यांची कामं वाटून घ्या. मग तो खुशाल घरात बागडू दे.