बिनधारेच्या तलवारीची धार

नाटकातली तलवार पूर्वी लाकडाची असे आणि तिला बेगड चिकटवलेली असे. दिवट्यांच्या उजेडात ती चमकली की काम झाले. आज कॉस्प्लेच्या मेळाव्यात, म्हणजे कॉमिक, सिनेमा किंवा गेममधल्या पात्राचा वेश करून लोक जमतात तिथे, तलवार हातभर अंतरावरून आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पारखली जाते. धातूच्या शस्त्राला अशा ठिकाणी सहसा मज्जाव असतो. म्हणजे ती मऊ हवी आणि दिसायला पोलादी हवी. या पेचातून हौशी मंडळी फोमकडे वळली आणि तिथून लेझर कटरपर्यंत पोचली.

हा लेझर थोडाफार आपल्या घरचा म्हणायला हरकत नाही. बारामतीत 1938 साली जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1964 साली कार्बन डायऑक्साइड लेझर साकारला. नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण असते. विजेने नायट्रोजनचे रेणू चेततात, आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात आणि त्यातून 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण निघतो. डोळ्यांना तो दिसत नाही. साध्या काचेतून तो आरपार जात नाही, म्हणून यंत्राचे भिंग झिंक सेलेनाइडचे असते. लाकूड, चामडे, ॲक्रिलिक, फोम मात्र त्याला अधाशासारखे शोषून घेतात आणि त्या रेषेवर जळून-वितळून दुभंगतात. असे यंत्र कारखान्याबाहेर हौशी हातांत येण्याच्या कथेतही पुणे जिल्हा आहेच. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची सर्वांसाठी खुली कार्यशाळा, तिथे उभी राहिली. लेझर कटर हे फॅब लॅबमधले नेहमीचे यंत्र.

फोम कोणता घ्यायचा, इथे बेफिकिरी चालत नाही. हवा तो ईव्हीए, म्हणजे इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट. चपलांचे तळवे, बुटांचे सोल, लहान मुलांच्या खोलीतल्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया यांतला. कापताना त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, कारण तापल्यावर त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटते. धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच. पण आपल्याकडे बोर्ड रंगवणाऱ्यांच्या दुकानात नुसती ‘फोमशीट’ मागितली, तर पुष्कळदा सनबोर्ड हाती पडतो, आणि तो पीव्हीसीचा असतो. पीव्हीसीत क्लोरीन असते. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक, आणि यंत्राच्या लोखंडालाही गंज चढवतो. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवावी, तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा यंत्रात घालू नये. थर्माकोलही नको, तो वितळतो आणि पेटतो. ईव्हीएसुद्धा पेटू शकतो, त्यामुळे यंत्र चालू ठेवून चहाला जाण्याची सोय नाही.

नमुना म्हणून फिरंग घेऊ. युरोपातून आलेले सरळ, लांब पाते आणि त्याला इथल्या कारागिरांनी बसवलेली पंजा झाकणारी मूठ, असे हे मिश्र शस्त्र. मराठ्यांच्या हाती ते भरपूर दिसते. पाते सुमारे 90 सेंटिमीटर. हौशी लोकांकडच्या लेझरचा पाट बऱ्याचदा 60 बाय 40 सेंटिमीटरचा असतो. पाते तिरके ठेवले तरी कर्ण 72 सेंटिमीटरच भरतो. तेव्हा पाते तुकड्यांत कापणे आलेच. तीन थरांची रचना सगळ्यांत सोयीची: मध्ये 10 मिलिमीटरचा फोम, दोन्ही अंगांना 5-5 मिलिमीटरचा. विटांच्या बांधकामात सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसेच इथेही प्रत्येक थराचा जोड वेगळ्या ठिकाणी ठेवायचा. मधल्या थरात फायबरग्लासच्या कांबीसाठी खाच कापायची, पण ती टोकाच्या बऱ्याच अलीकडे थांबवायची. खाच सरळ आणि नेमकी उतरणे हा लेझरचा खरा फायदा. कटरने हातभर लांब सरळ खाच काढणे ज्याने केले असेल त्याला ते कळेल.

ही थरांची युक्ती लेझरच्या आधीपासूनची आहे. इंग्लंडात चेशरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात 1982 साली ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला. पात्र होऊन प्रत्यक्ष लढण्याच्या खेळाचा, म्हणजे लार्पचा, तिकडचा हा सुरुवातीचा अड्डा. त्या खेळातून कांबीभोवती फोमचे थर चिकटवून वर लॅटेक्स चढवण्याची पद्धत रुळली. तिथे तलवार खरोखर अंगावर बसते, म्हणून भोसकण्याला बहुतेक ठिकाणी बंदी असते: आतली कांब टोक फाडून बाहेर येण्याची भीती. आपली ईव्हीएची तलवार मिरवण्यापुरती आहे. ती कोणाला मारू नये, गंमत म्हणूनही.

फिरंगीच्या पात्यावर लांबच लांब पन्हळी असतात. लेझरने त्या कोरता येतात, पण कोरलेल्या फोमवर चिकट काजळी उरते. त्यापेक्षा 2 मिलिमीटरच्या पातळ फोममध्ये पन्हळीच्या आकाराच्या आरपार फटी कापून तो वर चिकटवला की काम स्वच्छ होते. कापताना कमी शक्ती, जास्त वेग, दोन फेऱ्या. एकाच फेरीत सावकाश कापले तर कड वितळून पसरते.

आणि मग धार. किरण वरून खाली येतो, त्यामुळे कड उभी कापली जाते. हाती येते ती पट्टी, पाते नाही. उतार देणे या यंत्राच्या घडणीतच बसत नाही. बाहेरचे थर मधल्यापेक्षा अरुंद कापले तर पायऱ्या मिळतात, उतार नाही. तरी लेझर इथे अगदीच निरुपयोगी नाही. उतार कुठून सुरू करायचा ती हलकी रेघ लेझरकडून पात्यावर ओढून घ्यावी आणि त्या रेघेपासून नव्या पात्याच्या कटरने फोम तिरका छाटावा. मग पॉलिश पेपर. धार अगदी पातळ करण्याचा मोह होतो, पण पातळ ईव्हीए लहरतो आणि फाटतो. दोन-तीन मिलिमीटर जाडी ठेवलेली बरी, बाकीचे काम रंग करतो. हा भाग सगळ्यांत वेळखाऊ आहे. माझ्या मते तलवार चांगली की वाईट, हे इथेच ठरते.

चिकटवायला चांभाराकडचे सोल्युशन किंवा फेविकॉल एसआर. दोन्ही बाजूंना लावायचे, हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच नीट बसवायचे, कारण नंतर सरकवता येत नाही. लेझरने कापलेल्या कडेवर वितळलेली गुळगुळीत साय असते, तिच्यावर आधी पॉलिश पेपर फिरवावा. मग हीट गन. तिच्या झोताने फोमची छिद्रे मिटतात आणि कटरने मारलेल्या चिरा किंचित उघडतात, मुठीवरच्या नक्षीला ते फायद्याचे. वर पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे हात, काळा रंग, आणि कोरड्या कापडाने घासलेली चंदेरी छटा. धारेवर चंदेरी थोडी जास्त.

तयार तलवार भिंतीला टेकवून उभी करू नये, उन्हातल्या बंद गाडीत तर नाहीच. उष्णतेने ईव्हीए सैल पडतो, वाकतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. आतली कांब टोकाआधीच थांबलेली असल्यामुळे टोक सर्वांत आधी मान टाकते. तसे झालेच तर हीट गनने ते टोक गरम करावे, सपाट फळीवर दाबून धरावे आणि थंड होईपर्यंत हलवू नये.