‘वार्षिक’ नीट उमटला का?

पावसाळा लागला की यावल तालुक्यातल्या विकास सोसायट्यांचे अहवाल दुकानात यायला लागतात. १९९७ साली मी डीटीपीचं काम सुरू केलं, तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. अहवाल हा साधा अर्ज नसतो. पहिल्या पानावर सभेची नोटीस, मग चेअरमनचा फोटो आणि मनोगत, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, कर्जवाटपाचा तक्ता, शेवटी लेखापरीक्षकाचा शेरा. मजकूर, आकडे, रकाने, छायाचित्र, सहीशिक्का असं सगळं एका फाइलीत नांदत असतं. फाइल माझ्याकडे तयार व्हायची आणि छापली जायची दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. खरी परीक्षा तिथे असायची.

त्या काळी दीड एमबीची फ्लॉपी आणि एसटी, एवढाच मार्ग. फ्लॉपी जळगावला प्रेसमध्ये पोचायची. तिथे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, पेजमेकर, तोच, कॉम्प्युटरही तसाच, तरी पान उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसायची. कारण सरळ होतं. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत. फाइलीत मराठी नसायचीच, इंग्रजी संकेत असायचे आणि फॉन्ट त्यांना मराठी वेश चढवायचा. फॉन्ट नसला की वेश गळून पडायचा. आमच्या फॉन्टमध्ये आकडे इंग्रजी आकड्यांच्याच जागी होते, म्हणून त्या गोंधळात ताळेबंद तेवढा वाचता यायचा. चेअरमनचं मनोगत मात्र पूर्ण बुडालेलं.

फॉन्ट सोबत पाठवला की काम होईल, अशी माझी समजूत होती. ती १९९८ मध्ये मोडली. एका सोसायटीचा अहवाल छापून आला आणि प्रत्येक पानावर ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दात मधोमध एक भलतंच चिन्ह. प्रेसकडे त्याच नावाचा फॉन्ट आधीच होता, पण जुनी आवृत्ती. तिच्यात अर्ध्या ‘ऱ’च्या जागी दुसरंच काही बसवलेलं. बाकी सगळं बरोबर होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. चेअरमन म्हणाले, “भाऊ, सभासद शेतकरी, पैसा शेतकऱ्याचा, आणि त्याचंच नाव फुटलेलं. हा अहवाल कोणाला वाटू?” पाचशे प्रती होत्या. पुन्हा छापाव्या लागल्या.

त्यानंतर मी एक कसोटीपत्र तयार केलं. एकच पान, पण कोणत्याही प्रेसला किंवा ऑफिसला काम पाठवण्याआधी ते पाठवायचं आणि छापून परत मागवायचं. शब्द निवडायला एका निवृत्त गुरुजींनी मदत केली. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही जोडी त्यांनी दिली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या दऱ्यांचा समुद्र होऊ नये, हे त्यांचं म्हणणं. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ही दुसरी. मग ‘हृदय’, ‘उद्घाटन’, ‘द्वितीय’, ‘षट्कोन’, ‘ऑडिट’, ‘ॲड.’, ‘शेतकऱ्यांच्या’. खाली चार रकान्यांचा छोटा तक्ता, त्यात दोन रकान्यांवर मिळून एकच मथळा, खाली बेरीज. कोपऱ्यात एक फोटो, तळाशी टीप, पान क्रमांक. सगळ्यांच्या वर मोठ्या टायपात एकच शब्द : ‘वार्षिक’.

तपासायची रीत अशी. परत आलेला कागद माझ्या छपाईवर ठेवायचा आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात ओळी एकमेकींवर बसल्या तर ठीक. एखादी ओळ एक शब्द आधी तुटली असेल तर पुढचं सगळं पान सरकणार, तक्ता दुसऱ्या पानावर जाणार. शेवटी फाइल त्यांच्या मशीनवर सेव्ह करून परत मागवायची आणि आपल्याकडे पुन्हा उघडायची. जाताना शाबूत राहिलेली फाइल येताना बिघडते, हे मी बरेचदा पाहिलं.

हेच काम जगात फार मोठ्या पातळीवर आधी होऊन गेलं होतं, हे मला उशिरा वाचायला मिळालं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांमध्ये मजकूर, चित्र आणि आकृत्या असलेला दस्तऐवज जसाच्या तसा जावा म्हणून ‘ओडीए’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं. आयएसओ ८६१३, साल १९८९. युरोपात बुल, आयसीएल, ऑलिव्हेट्टी, सीमेन्स यांनी एकत्र बसून त्यावर प्रयोग केले. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनला संशोधनाचे प्रस्ताव कॉम्प्युटरवरून घ्यायचे होते, म्हणून कार्नेगी मेलन आणि मिशिगन विद्यापीठांनी ‘एक्स्प्रेस’ प्रकल्पात आपापल्या यंत्रणांमधली कागदपत्रं ओडीएमार्फत एकमेकांकडे नेऊन पाहिली. त्यामागचा हिशेब साधा आहे. पाच यंत्रणा असतील आणि प्रत्येकीतून प्रत्येकीत थेट रूपांतर करायचं असेल तर वीस रूपांतरकं लागतात. मधे एक सामायिक रूप ठेवलं तर दहा पुरतात.

ओडीएने दस्तऐवजाची दोन अंगं वेगळी केली. एक त्याची रचना, म्हणजे मथळा कुठला, परिच्छेद कुठला, तक्ता कुठला. दुसरी मांडणी, म्हणजे कागदावर काय कुठे बसतं. माझी खिडकीची काच फक्त मांडणी तपासायची. रचना ती तपासू शकत नव्हती. ओडीए बाजारात टिकलं नाही, पण त्याने मांडलेला प्रश्न टिकला.

मराठीसाठी मधलं सामायिक रूप खरं तर होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि तिथे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्राचं काम पुढे गेलं. अक्षराला एकच संकेत, आकार कोणताही असो, हे तत्त्व असलेलं ‘इस्की’ मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतांची, म्हणजे युनिकोडची, पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच आधारावर बेतलेली होती. पण यावलच्या दुकानात पेजमेकर होतं आणि पेजमेकरला युनिकोड कधीच कळलं नाही. विंडोज २००० सोबत प्रा. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट आला. त्यानंतर एक्सपी आलं, तरी मराठी सुरू करायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागे आणि विंडोजची मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी तालुक्यात किती जणांकडे असायची! कितीतरी ऑफिसांत युनिकोड मशीनमध्ये होतं, पण झोपलेलं.

२००९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. त्याच महिन्यात राज्य शासनानेही मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगणारा. आता जुने अहवाल नव्या रूपात आणायची वेळ आली आणि रूपांतरकांची कसोटी सुरू झाली.

पानाच्या वर ठेवलेला ‘वार्षिक’ हा शब्द या कसोटीत का कामी आला, ते इथे सांगायला हवं. जुन्या फॉन्टमध्ये शब्द दिसतो तसा साठवला जाई : व, काना, वेलांटी, ष, मग रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये तो उच्चारतो तसा साठतो : व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. म्हणजे रूपांतर करताना वेलांटी उचलून ‘ष’च्या मागे न्यायची आणि रफार उचलून त्याच ‘ष’च्या पुढे आणायचा. दोन उड्या, एकाच अक्षराभोवती, विरुद्ध दिशांना. ज्या रूपांतरकाला हे जमत नसे त्याच्याकडे पहिल्याच शब्दात ‘वाषिर्क’ उमटे. मग पुढचं पान पाहायची गरज नसे. प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर हाच शब्द असतो, म्हणून त्याच्यासारखा परीक्षक मला दुसरा सापडला नाही.

पण युनिकोड आल्यावर काच निरुपयोगी झाली. ‘शेतकऱ्यांच्या’ आता सगळीकडे नीट दिसू लागला, तरी शोधल्यावर काही फाइलींत सापडेना. अर्धा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवत, आणि तशा फाइली आजही फिरत आहेत. म्हणून कसोटीपत्रात मी एक काम वाढवलं : शब्द नुसता पाहायचा नाही, शोधूनही पाहायचा.

तक्ते आणि फोटोंची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. २००६ मध्ये ‘ओडीएफ’ हे दस्तऐवज साठवायचं खुलं रूप आंतरराष्ट्रीय मानक झालं. मायक्रोसॉफ्टच्या ‘ओओएक्सएमएल’ या तशाच रूपावर २००७ मध्ये मतदान झालं तेव्हा भारताने विरोधात मत दिलं, आणि २००८ मध्ये ते मानक मंजूर झालं तरी आपलं मत बदललं नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. २००९ मध्ये हेगला ओडीएफ वापरणारी सॉफ्टवेअर बनवणारे एकत्र बसले आणि एकमेकांच्या फाइली उघडून तपासू लागले. अशा बैठकीत एखादं मराठी पान, जोडमथळा असलेल्या तक्त्यासह, कोणीतरी पुढे ठेवायला हवं असतं. ते काम डच किंवा जर्मन माणूस आपल्यासाठी करणार नाही.

तपासणीचं सर्वांत मोठं काम मी पाहिलं ते २०१७ मध्ये, चावडी वाचनाच्या वेळी. संगणकीकृत सातबारा गावागावांत वाचून दाखवला जात होता. लोक घरचे हस्तलिखित उतारे घेऊन आले होते. गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव, एकेक ओळ वाचली जायची आणि कोणी ना कोणी म्हणायचं, “थांबा, हे तसं नाही.” फाइलीची शुद्धता ओळखणारं यंत्र तिथे एकच होतं, ज्याची जमीन आहे तो माणूस. पुढच्याच वर्षी डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आज केळीचा विमा भरताना तोच उतारा मोबाइलवरून जोडला जातो.

आता फाइली व्हॉट्सॲपवर येतात, बहुतेक पीडीएफ. दिसायला निर्दोष. पण त्यांतला मराठी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा, कित्येकदा वेलांट्या विखुरलेल्या सापडतील. पान पोचतं, मजकूर वाटेत राहतो.

माझं एक मागणं आहे. सोसायट्या, पतपेढ्या, शाळा, वाचनालयं यांच्या कपाटांत १९९५ ते २०१० या काळातल्या सीडी आणि फ्लॉप्या पडलेल्या आहेत. त्या वाचणारी मशीन दर वर्षी कमी होत आहेत. यंदा अहवालाचं काम निघेल तेव्हा एक जुनी फाइलही उघडून घ्या, युनिकोडमध्ये आणा, आणि सगळ्यात आधी ‘वार्षिक’ हा शब्द पाहा. तो चुकला असेल तर रूपांतरक बदला. आणि सगळं तपासून होईपर्यंत छापील प्रत रद्दीत घालू नका.