तुरीच्या रानात उतरणारी दुर्बीण

18 जानेवारी 2025 च्या सकाळी बिदर जिल्ह्यातल्या जलसंगीत एका घरावर भलामोठा फुगा उपकरणांसकट येऊन पडला आणि गाव घाबरले. फुगा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून सुटला होता. याच केंद्रातून 1980 च्या दशकापासून संस्थेची एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण उडते. ती पाहते ते अजून धुळीत गुरफटलेले कोवळे तारे. असा तारा दोन बाजूंना वायूचे झोत फेकतो. झोत लांबून दिसतो, फेकणारा मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा झाकलेला. त्याचा प्रकाश धूळ गिळते आणि 100 मायक्रॉनच्या आसपास उष्णता म्हणून परत सोडते. ती उष्णता वाटेतच हवेतली वाफ अडवते, म्हणून दुर्बीण तीस किलोमीटरच्या वर न्यावी लागते. तिथेही उरलेल्या हवेची आणि खुद्द दुर्बिणीची धग ताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यावर तोड म्हणून दुय्यम आरसा सेकंदाला दहा वेळा हलतो. तारा असलेली जागा आणि शेजारची रिकामी जागा आळीपाळीने पाहून वजाबाकी केली जाते. संवेदक निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 0.3 अंशावर थंड ठेवलेले असतात.

यावर कोणी म्हणेल, जेम्स वेब ही अंतराळ दुर्बीण असताना फुगा कशाला? 2023 मध्ये वेबने एचएच 211 या नावाने ओळखले जाणारे कोवळ्या ताऱ्याचे झोत इतके स्पष्ट दाखवले की दुसरे काही पाहायची गरज वाटू नये. पण वेबची नजर 28 मायक्रॉनपर्यंत. तिथे तापलेला हायड्रोजन दिसतो, धुळीची मुख्य उष्णता नाही. फुग्यावरची दुर्बीण 150 आणि 210 मायक्रॉनला बघते. चित्र अंधुक येते, बारकावा सुमारे एका आर्क-मिनिटाचा, त्यात झोत सुटा ओळखू येत नाही, हे खरे. पण प्रश्न झोताच्या रूपाचा नसून तो फेकणाऱ्याच्या बळाचा आहे. एचएच 80-81 च्या झोतामागचा तारा सूर्याच्या हजारो पट तेजस्वी, हे त्याच्याभोवतीच्या उष्णतेचा हिशेब मांडल्यावरच कळते. दूर-अवरक्त पाहणारी अंतराळ दुर्बीणही होती, हर्शेल; पण तिला थंड ठेवणारे हेलियम 2013 मध्ये संपले आणि ती दुर्बीण कायमची बंद पडली. फुग्याची दुर्बीण पॅराशूटने खाली येते, ठोकून-ठाकून पुन्हा उडते. म्हणूनच ती जिथे उतरते तो बिदर-कलबुर्गीचा तुरीचा पट्टा हा माझ्या मते वेधशाळेचाच एक भाग. उपकरणांत उच्च विद्युतदाब असू शकतो, त्यामुळे त्यांना हात न लावता पोलिसांना कळवावे असे संस्था सांगते. आणि शाबूत राखणाऱ्याला बक्षीसही देते.