दाण्याएवढं बी, गठ्ठाभर कागद

1869 साली ब्रिटनच्या संसदेला चक्क असा कायदा करावा लागला: बी मुद्दाम मारायचं नाही आणि रंगवून विकायचं नाही. मारायचं कशाला? तर महागड्या बियाण्यात दिसायला तसंच, पण स्वस्तातलं बी मिसळायचं आणि ते उगवून चोरी उघडी पडू नये म्हणून आधीच त्याचा जीव घ्यायचा! त्याच वर्षी जर्मनीत, सॅक्सनीतल्या थारांट गावी फ्रीडरिश नोब्बे यांनी जगातली पहिली बीज परीक्षण प्रयोगशाळा उघडली. बरसीमच्या कुळातल्या क्लोव्हरच्या बियाण्यात तेव्हा रंगवलेली बारीक खडीसुद्धा निघायची. आपल्याकडे जून आला की बोगस बियाण्याच्या बातम्या सुरू होतात. हा धंदा इतका जुना आहे.

आता देशोदेशी एकाच पद्धतीने बी तपासलं जातं, ते 1924 मध्ये स्थापन झालेल्या ‘इस्टा’ या आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेमुळे. गव्हाचा एक लॉट 30 टनांपर्यंत असू शकतो, आणि त्याच्या उगवणशक्तीचा निकाल लावतात फक्त 400 दाणे. शंभर-शंभरचे गट, ओलसर कागद, ठरलेलं तापमान. गव्हाची शेवटची मोजणी आठव्या दिवशी. नुसता मोड आला म्हणून दाणा पास होत नाही. मुळं आणि कोंब धड हवेत, पुढे त्याचं रोप होईल असं दिसलं पाहिजे. पेरणीच्या तोंडावर सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवणारा, आणि सत्तरच्या वर उगवले तरच घरचं बियाणं पेरायला काढणारा मराठवाड्यातला शेतकरी हीच चाचणी करतो. परदेशातली अद्ययावत प्रयोगशाळा आणि आपल्या घराची ओसरी एकाच रीतीने बी पारखतात, याचं मला फार अप्रूप आहे.

कागदांचे रंगही लक्षात ठेवण्यासारखे. इस्टाचं नारिंगी प्रमाणपत्र म्हणजे नमुना रीतसर काढलाय आणि निकाल अख्ख्या लॉटला लागू आहे. निळं असेल तर निकाल फक्त हातात आलेल्या नमुन्यापुरता. पिशवीवरच्या टॅगचा हिशोब वेगळा: आपल्याकडे पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रतला हिरवा. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बीज योजनांत भारत 2008 पासून आहे. तिथेही निळा टॅग प्रमाणित बियाण्याचाच, पण पहिल्या पिढीच्या; त्यापुढच्या पिढ्यांना लाल.

कागद अडला की काय होतं, ते 1965 मध्ये दिसलं. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या मेक्सिकन गव्हाचं बी भारत आणि पाकिस्तानला निघालं: 200 टन आपलं, 250 टन त्यांचं. ते आधी मेक्सिकोच्या कस्टममध्ये अडकलं. मग तीसेक ट्रकांचा ताफा लॉस एंजेलिस बंदराकडे निघाला, तर अमेरिकेच्या हद्दीवर खोळंबा. पुढे शहरातल्या वॉट्स भागात दंगल पेटली होती, हमरस्ता बंद, वळसा घालावा लागला. बंदरात पोचतात तो बँकेने पाकिस्तानचा एक लाख डॉलरचा चेक परत केला, कारण त्यात तीन शब्दांचं स्पेलिंग चुकलं होतं. अखेर जहाज मुंबई आणि कराचीकडे सुटलं आणि बारा तासांत दोन्ही देशांत युद्ध भडकलं. एकाच जहाजात दोन्हीकडचं बी! तरी ते पोचलं, पेरलंही गेलं, पण उगवण भलतीच कमी. मेक्सिकोच्या गोदामात कीड मारण्यासाठी धुरी जास्त दिली गेली होती. बोरलॉग यांनी एकरी बियाणं दुप्पट टाकायला सांगितलं आणि पीक उभं राहिलं. पुढच्याच वर्षी भारताने 18,000 टन बी मागवलं.

तपासणी ढिली पडली तर काय होतं, ते पाहायला रस्त्याच्या कडेला बघावं. गाजर गवताची देशातली पहिली ठळक नोंद 1955 ची, आपल्या पुण्यातली. आयात गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. बियाण्यासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मागतात, ते अशाच पाहुण्यांच्या भीतीने. ही कटकट सोसलेलीच बरी.

पण बी देशोदेशी फिरायलाही हवं. वाण सगळ्या जगाने वाटून घ्यावेत म्हणून 2001 मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या मूळ यादीत 64 पिकं: ज्वारी, बाजरी, तूर, वांगं आहे, भुईमूग, सोयाबीन, ऊस, टोमॅटो नाही. नॉर्वेच्या स्वालबार्डमधली बर्फाळ बीजतिजोरी तर ठेव ठेवणाऱ्याशिवाय कुणालाच उघडत नाही. तिथून पहिल्यांदा बी परत मागावं लागलं 2015 मध्ये, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोची बीजपेढी हातची गेली तेव्हा.

पण सगळेच आंतरराष्ट्रीय नियम डोळे मिटून घ्यावेत असे नाहीत. 1961 चा ‘युपोव्ह’ करार नवे वाण काढणाऱ्यांचे हक्क जपतो. त्याच्या 1991 च्या आवृत्तीनुसार संरक्षित वाणाचं बी शेतकऱ्याने शेजाऱ्याला विकणं बसत नाही. भारत त्यात गेला नाही, 2001 मध्ये स्वतःचा कायदा केला. त्याच्या 39 व्या कलमाने शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, वाटायला आणि विकायलाही मुभा दिली. ब्रँडचं लेबल लावायचं नाही, एवढीच अट. व्यापार करारांच्या वाटाघाटींत ‘युपोव्हमध्ये या’ हा आग्रह पुन्हा पुन्हा होतो. इस्टाचे कागद जरूर घ्यावेत, धुरी द्यावी, टॅग लावावेत. 39 वं कलम मात्र कुठल्याही टेबलावर देऊन येऊ नये.